सोफ्यावरचा कापूस

आमच्या सोफ्यावर इतकी कुशनं आहेत की बसायला जागा नाही. आलेला माणूस आधी उभ्याउभ्या दोन कुशनं उचलतो, ती कुठं ठेवावीत म्हणून इकडंतिकडं बघतो आणि शेवटी मांडीवर घेऊन बसतो, कुणीतरी परक्याचं तान्हं मूल हातात दिल्यासारखा. कुशन ही वस्तू नेमकी कशासाठी असते हे मला अजून कळलेलं नाही. उशाला घ्यावं तर मान आखडते. पाठीला लावावं तर खाली सरकतं. त्यावर बसावं तर घरातलं कोणीतरी "अहो, अहो" म्हणून धावतं. ते फक्त एका कोपऱ्यावर तिरकं उभं करायचं, डोक्यावर मधोमध एक चापट मारायची, म्हणजे त्याला दोन कान फुटतात. मग सगळ्यांनी त्या कानांकडं कौतुकानं बघायचं.

ही कुशनं मी केली आहेत. स्वतःच्या हातांनी. बाजारातून आणली असती तर एवढी चीड आली नसती.

आज दुपारी घरात कोणी नाही. त्यातलं एक मोरपंखी रंगाचं, आरसे लावलेलं कुशन मी उचललं आणि नाकाला लावलं. वरच्या कापडाला दुकानाचा वास आहे. पण दोन्ही हातांनी दाबलं की आतून दुसराच वास बाहेर येतो. उन्हाचा, धुळीचा, थोडा सरकीचा, थोडा दवाखान्यातून आलेल्या माणसांच्या कपड्यांचा. तो वास आला की मी औरंगाबादच्या गारखेड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचतो. त्या याच जागेवर होत्या. आता इथं इमारत आहे आणि मी दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी जिथं नुसती हवा होती तिथं राहतो. आईची चूल जिथं होती तिथं खाली शेजाऱ्यांची गाडी उभी असते. तिला प्लास्टिकचं पांघरूण आहे.

त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो असं रेशनकार्डावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आम्ही किती आहोत हे रात्री गाद्या घालताना कळायचं. सोयगावकडून, कन्नडकडून माणसं यायची. कोणाला दवाखाना, कोणाची कोर्टात तारीख, कोणाच्या पोराची भरती, कोणाला मुलगी दाखवायची. कळवून कोणी येत नसे. संध्याकाळच्या एसटीनं उतरायची, दारात पिशवी ठेवायची आणि विचारायची, "काय, हायेत का घरात?" आई आतूनच म्हणायची, "या, पाय धुवा."

मागच्या खोलीत लाकडाची घडवंची होती आणि तिच्यावर गाद्यांची चळत. वर जुनं लुगडं टाकलेलं. दिवसा त्या चळतीला टेकून बसायचं, तिच्यावर चढायचं, तिच्या मागं लपायचं. रात्री ती चळत उतरायची आणि खोलीचा मजला नाहीसा व्हायचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती माणसं. पाणी प्यायला उठलेल्याला कोणाच्या तरी पायावर पाय ठेवल्याशिवाय माठापर्यंत जाता येत नसे. मला ते काही फार आवडत होतं असं आता सांगू लागलो तर ते खोटं होईल. सकाळी मोरीपुढं रांग असायची. कोणाच्या तरी मशेरीचा वास, कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज. मी नाक मुरडायचो. पण गादीवर पडलं की झोप लागायची, आणि ती झोप पुन्हा कुठल्या पलंगावर मला मिळालेली नाही.

आमच्या माणसांत एक रीत होती. ती कोणी घालून दिली ते माहीत नाही, तिच्याबद्दल कोणी बोलतही नसे. जो कोणी आमच्याकडं गादीवर झोपून गेला, तो पुढच्या वेचणीनंतर कापूस घेऊन यायचा. फार नाही, उशीच्या अभ्र्यात दाबून बसेल एवढा. तो स्वतः आला नाही तर येणाऱ्याच्या हाती पाठवायचा. पैशाची गोष्ट कोणी काढली असती तर आईनं त्याला उभं केलं नसतं. कापूस मात्र ती दारातच हातात घ्यायची, चिमूट ओढून बघायची आणि म्हणायची, "यंदा हात राखला नाय दिसतंय देवानं." बस. एवढीच पावती. मग दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत राहिलेल्या बायका संध्याकाळी ओसरीवर बसून त्या कापसातली सरकी काढायच्या. बोटं चालू, तोंड चालू. सरकी शेजारच्या म्हशीला जायची आणि कापूस गाद्यांत.

उन्हाळा लागला की अंगणात पिंजारी चाचा यायचे. गाद्यांचे टाके उसवायचे, खोळी धुवायला जायच्या आणि कापसाचे काळपट गठ्ठे अंगणात पसरायचे. मग कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज सुरू व्हायचा. टण्ण, टण्ण, भुर्र. त्या आवाजात दुपार पेंगायची. कापूस हवेत उडायचा, लिंबाच्या झाडाला अडकायचा, आमच्या भुवयांवर बसायचा. पांढऱ्या कापसाच्या ढिगातून मध्येच पिवळट, मध्येच बदामी पापुद्रा वर यायचा. चाचा हात थांबवून विचारायचे, "भाभी, कित्ते गावां का कपास है ये?" आई म्हणायची, "गिनती मत करो चाचा, नजर लगेगी." मग नव्या-जुन्याचा एक ढीग व्हायचा. कोणाचा कुठला ते कोणालाही सांगता आलं नसतं. त्या ढिगातून गाद्या पुन्हा भरल्या जायच्या, आणि आई दाभण घेऊन त्यांच्यावर बसून टाके घालायची.

प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात ती वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायची. निळ्या दोऱ्याची गादी आजारी माणसाची. हिरव्या दोऱ्याची लहान पोरांची, रात्री कोणी भिजवली तर तीच भिजावी म्हणून. झोपणाऱ्याला हे ठाऊक नसायचं. घरच्यांना ठाऊक असायचं, आणि घरच्यांनी ते कधी बोलून दाखवायचं नाही असा दंडक होता. लाल दोऱ्याची रंगनाथदादाची. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच मोठा. शिक्षणासाठी तो दोन वर्षं आमच्याकडं होता आणि त्या लाल दोऱ्याच्या गादीवर तो आणि मी, एकाचं डोकं इकडं, एकाचं तिकडं, असे झोपायचो. त्याचे पाय माझ्या तोंडाशी यायचे. मी चिडलो की तो अंगठ्यानं माझं नाक धरायचा. त्या गादीत त्याच्याच शेतातला कापूस सगळ्यात जास्त होता, असं तो सांगायचा. "तू आमच्या वावरात झोपतोस," म्हणायचा. "भाडं दे."

आई गेली तेव्हा तिची गादी आम्ही रिवाजाप्रमाणे देऊन टाकली. पाहुण्यांच्या गाद्या राहिल्या. घर पाडलं तेव्हा त्या कुठं कुठं फिरल्या आणि नव्या घराच्या माळ्यावर येऊन पडल्या. मग गेल्या उन्हाळ्यात मला सुचलं.

सुचलं म्हणजे मोबाइलवर दिसलं. एक गोरीपान बाई जुनी गादी कापत होती आणि मागं बासरी वाजत होती. पाच मिनिटांत तिचा दिवाणखाना फुलांसारखा झाला. मला वाटलं, आपल्याकडं तर माळाभर गाद्या आहेत. मी त्या खाली काढल्या. मीनानं, माझ्या बायकोनं, पदरानं नाक झाकून बघितलं आणि म्हणाली, "एखादी तरी ठेवा हो. कोणी आलं-गेलं तर?"

मी हसलो. "कोण येतंय आता?"

हे मी म्हणालो. कोणी येत नाही याचं वाईट वाटून नव्हे, चांगलं वाटून. माळा रिकामा होणार होता.

रविवारी बाल्कनीत बसून मी त्या कापल्या. दोऱ्यांच्या गाठी कात्रीला अडत होत्या, त्या आधी छाटून टाकल्या. लाल, निळा, हिरवा, सगळ्या सुपलीत गेल्या. आतला कापूस थरांचा होता. चाचांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांनी घातलेले थर दिसत होते, आणि अधूनमधून एखादी सरकी बोटाला लागत होती, कोणाच्या तरी नजरेतून सुटलेली. पण त्या कापसाची कुशनं गबाळी दिसायला लागली. गोळे व्हायचे, कान फुटेनात. मग मी बाजारात गेलो आणि स्पंजच्या कातरणांची गोणी घेऊन आलो. गुलाबी, पोपटी, पांढरी कातरणं. ती कापसात मिसळली, आणि मावला नाही तो कापूस भंगारवाल्याला दिला. कुशनं फुगली. एखाद्या बिनकामाच्या माणसाची छाती सत्कारात फुगते तशी फुगली.

फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "टाकाऊतून टिकाऊ." टाकाऊ हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. अंगठे आले, टाळ्या आल्या, हात जोडलेले आले. सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुमच्यात कलाकार आहे." मी विरघळलो आणि दोन कुशनं त्यांना भेट दिली. आठवड्यानं लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "आमच्या ब्रुनोला फार आवडली. खालीच उतरत नाही." ब्रुनो त्यांचा कुत्रा. आणि मी, त्या गाद्यांवर वाढलेला माणूस, खूश झालो! घरी येऊन मीनाला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

पावसाळा सरता सरता रंगनाथदादाचा फोन आला.

"ऐक रे. तुझ्या वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय औरंगाबादला. बुधवारी सकाळीच बोलावलंय. आम्ही मंगळवारी सांजच्याला येतो. बुधवारचा बी मुक्काम करू, गुरुवारी पट्टी काढली की निघू."

"ये ना, ये ना," मी म्हणालो. आणि श्वास न घेता पुढं म्हणालो, "दादा, दवाखान्याजवळच एक चांगला लॉज आहे. एसी आहे. वहिनीला दगदग नको. मी खोली घेऊन ठेवतो, तू पैशाचं बघू नकोस."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. तो शेतात उभा असावा.

"लॉज कशाला रे? गाद्या हायेत ना घरात?"

"आहेत," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी सोफ्याकडं बघितलं. सगळी कुशनं कान वर करून ऐकत बसली होती.

मंगळवारी ते आले. दादाच्या पांढऱ्या सदऱ्यावर घाटाची धूळ होती, वहिनीच्या हातात कापडी पिशवी. दादा सोफ्यावर बसला आणि मागं टेकला, तेवढ्यात माझा हात गेला. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. हात आपोआप गेला आणि त्याच्या पाठीमागचं फिकट रंगाचं कुशन काढून घेतलं. दादा लगेच पुढं सरकला. "काढ, काढ," म्हणाला, मलाच मदत केल्यासारखा. "मळंल ते."

वहिनी मात्र डोळा बारीक करून सगळीकडं बघत होती. "अगं बाई, मीना! इतक्या उशा? कोणाचं बाळंतपण काढलंय का काय?"

मीना खळखळून हसली. "ह्यांनी केल्यात, वहिनी."

"भाऊजींनी? का बरं? नोकरी गेली व्हय?"

आम्ही सगळे हसलो. दादाही हसला. मग हसता हसताच त्यानं मोरपंखी कुशन मांडीवर घेतलं, एकदा दाबलं आणि विचारलं, "भरलं काय यात?"

"जुना कापूस होता," मी म्हणालो.

"कुठला जुना?"

मीना स्वयंपाकघरात गेली. तिथं तिचं काहीही काम नव्हतं.

"माळ्यावरचा," मी म्हणालो.

दादा कुशनाकडं बघत राहिला. "गाद्या उसवल्या म्हण की." आणि मग, "लाल दोऱ्याची बी?"

"हो."

त्यानं ते कुशन परत सोफ्यावर ठेवलं. एका कोपऱ्यावर, तिरकं, जसं होतं तसं. "बरं केलंस," म्हणाला. "पडून राहिली असती तर उंदरानंच खाल्ली असती." आणि माझ्या मुलीच्या कॉलेजची चौकशी करू लागला. त्यानं मला एक शिवी दिली असती तर मी आयुष्यभर त्याचा आभारी राहिलो असतो.

आम्ही त्यांना आमची झोपायची खोली दिली. जाड फोमची गादी, तिच्यावर धुतलेली चादर. मी एसी कसा लावायचा ते समजावून सांगितलं, एखाद्या लॉजवाल्यासारखं. सकाळी उठून बाहेर आलो तर दादा दिवाणखान्यात फरशीवर झोपला होता. अंगाखाली स्वतःचं उपरणं, डोक्याखाली वहिनीची कापडी पिशवी. त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर सोफा होता आणि सोफ्यावर सगळी कुशनं ओळीनं उभी होती. एकही हललेलं नव्हतं.

वहिनी चहाला उठली तेव्हा हळूच म्हणाली, "त्या फोमात बुडाल्यागत होतं म्हणले. मी म्हणलं, मग तिथली उशी तरी घ्या की डोक्याला. तर म्हणे, नको, ती शोभेची हाय. माझं डोकं तेलाचं."

ऑपरेशन चांगलं झालं. दुपारी वहिनी पट्टीवर काळा चष्मा लावून बाहेर आली. "आता भाऊजी कसे दिसतात ते नीट कळंल," म्हणाली. पट्टी काढायचं काम जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात होईल असं दादानं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम झाला नाही. "म्हशीकडं बघायला कोणी नाय," तो म्हणाला. मी स्टँडवर सोडायला गेलो. एसटीच्या खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला आणि माझं नाक अंगठ्यानं धरल्यासारखं केलं. मग गाडी निघाली.

त्या दिवसापासून माझ्या सुट्टीच्या दुपारी अशा जातात. मी एकेक कुशन उसवतो. पुढ्यात जुनी चादर अंथरतो आणि कापसातून स्पंज निवडतो. हे काम किती वाईट आहे ते केल्याशिवाय कळत नाही. गुलाबी तुकडा दिसतो, पोपटी दिसतो, पण पांढरा स्पंज पांढऱ्या कापसात असा बसतो की बोटानं दाबून बघावं लागतं. दाबल्यावर लगेच वर येतो तो स्पंज. दबून राहतो तो कापूस. स्पंजसकट कापूस पिंजायला कोणी घेणार नाही, घेऊही नये. म्हणून निवडतो. माझी मुलगी मला विचारते, "बाबा, नवीन गादी आणली तर?" नवीन गादी दुकानात मिळते, हे मलाही माहीत आहे. सेक्रेटरींकडची दोन कुशनं मी परत मागितली. त्यांनी चेहरा असा केला की जणू मी त्यांचा फ्लॅट मागितला. आणली. एकाचा कोपरा कुरतडलेला आहे. तरी आतला कापूस कापूसच आहे.

आज हे मोरपंखी उसवायला घेतलं, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"पुढच्या महिन्यात डोळा तपासायला बोलावलंय. सकाळच्या गाडीनं येतो, दुपारी परत फिरतो. तू रजा-बिजा काढू नको. कळवायचं म्हणून कळवलं."

"मुक्कामाला ये, दादा," मी म्हणालो. "गादी करतोय."

"कशाची?"

"त्याच कापसाची. स्पंज घातला होता मी, तो निवडतोय."

तिकडं तो मोठ्यानं हसला. "तू? काकूनं तांदूळ निवडायला बसवलं की पळून जायचास की रं!"

"कापूस थोडा कमी पडेल," मी म्हणालो. मागितला नाही. पण वाक्याच्या शेवटी आवाज खाली गेला नाही, वरच राहिला, आणि ते त्याला कळलं.

"आता कापूस कुठला," दादा म्हणाला. "मका लावतो आम्ही. समद्या शिवारात मकाच हाय."

मग फोनमागून वहिनीचा आवाज आला, चुलीपुढून ओरडल्यासारखा. "भाऊजींना म्हणावं उगं डोळं फोडू नका! मी येताना वाकळ घेऊन येते!"

"ऐकलंस का?" दादानं विचारलं.

ऐकलं. आमच्या घरी मुक्कामाला येणारा माणूस कधी अंथरूण घेऊन आला नव्हता. अंथरूण लोक धर्मशाळेत नेतात, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपायचं असेल तर नेतात. वहिनीला यातलं काही सुचवायचं नव्हतं. ती भल्या मनानं म्हणाली होती, म्हणून ते जास्त लागलं.

"वहिनी!" मी फोनमध्येच ओरडलो. "वाकळ आणा, पण अंगावर घ्यायला! अंगाखालचं मी बघतो!"

ती काही तरी बोलली, हसली, आणि फोन बंद झाला.

पुढ्यातल्या चादरीवर आजवर निवडून ठेवलेला कापूस आहे. एका माणसाच्या गादीला अजून पुरणार नाही. सोफ्यावर अजून दहा-बारा कुशनं राहिली आहेत. मी मोरपंखी कुशन फाडलं, त्यातला सगळा ऐवज चादरीवर ओतला आणि पुन्हा पहिला पांढरा तुकडा दोन बोटांत धरून दाबला. तो दबून राहिला.